परदेशात कायमचं राहायचं तर तिथली भाषा शिकलीच पाहिजे का?

आडवाट (धागाकर्ती)

फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून परदेशी माणसांसाठी भाषेच्या अटी कडक केल्या. अनेक वर्षांचा राहण्याचा परवाना हवा तर ए२, दहा वर्षांचं कार्ड हवं तर बी१, नागरिकत्व हवं तर बी२. त्याच महिन्यात ब्रिटननेही कुशल कामगारांच्या नव्या व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी१ वरून बी२ वर नेली. ज्यांना ही अक्षरं नवी आहेत त्यांच्यासाठी: युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मांडल्या. ए१ म्हणजे नाव-पत्ता सांगण्यापुरतं, बी१ म्हणजे रोजच्या व्यवहारात अडायला होत नाही इतपत, बी२ म्हणजे आपली बाजू मांडून समोरच्याचा मुद्दा खोडता येईल इतकं.

यावर इतरत्र झालेल्या चर्चा वाचल्या. एक बाजू म्हणते, "आमच्या देशात यायचं तर आमची भाषा आलीच पाहिजे." दुसरी म्हणते, "भाषा लादणं हा अन्याय आहे." दोघांचंही मला पटत नाही.

माझं मत आधीच सांगते. जो कायमचा राहायला आला आहे, त्याने तिथली भाषा शिकावी ही अपेक्षा रास्त आहे. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, कामावरचे सोबती यांच्याशी कायम तिसऱ्याच्या तोंडून बोलत आयुष्य काढावं असं मला कुणाच्याही बाबतीत वाटत नाही. पण अपेक्षा करणाऱ्याने शिकायला वेळ, वर्ग आणि शिक्षक द्यायला हवेत. आणि भाषा आली नाही म्हणून उपचार, न्याय किंवा स्वतःचं कुटुंब यांना माणूस मुकता कामा नये. ही दोन पथ्यं पाळली नाहीत, तर ती अपेक्षा उरत नाही, दार बंद करायची कडी होते.

धाग्याची हद्द आखून घेते. देशातल्या देशात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचा प्रश्न इथे नको. तिथे दोघंही एकाच देशाचे नागरिक असतात, त्यामुळे हक्कांचं गणितच बदलतं. त्यासाठी वेगळा धागा काढू.

परखड

विषय चांगला, पण तुमची "पथ्यं" मला जास्त सैल वाटतात. इंग्रजी किंवा फ्रेंचला कुणी धक्का लावू शकत नाही, म्हणून तिथल्या चर्चेत उदार होणं सोपं आहे. लहान भाषांचं बघा.

लॅटव्हियात १९३५ साली लॅटव्हियन लोक सुमारे तीन चतुर्थांश होते. सोव्हिएत काळात बाहेरून माणसं आणून वसवली गेली आणि १९८९च्या जनगणनेत ते ५२ टक्क्यांवर आले. एस्टोनियाचंही तेच, १९८९मध्ये एस्टोनियन सुमारे ६१ टक्के. आलेल्यांपैकी बहुतेकांना स्थानिक भाषा शिकायची गरजच पडली नाही, कारण रशियनवर सगळं भागत होतं. झळ स्थानिकांनी सोसली. आपल्याच देशात, आपल्याच कचेरीत, दुसऱ्याच्या भाषेत बोलावं लागलं. १९९१नंतर त्या देशांनी नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा ठेवली, तेव्हा बाहेरच्यांनी त्यांना कठोर म्हटलं. मी नाही म्हणणार.

कॅनडातला फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतही घ्या. १९७७च्या आधी तिथे येणाऱ्या बहुसंख्य स्थलांतरितांची मुलं इंग्रजी शाळेत जात. सगळ्या उत्तर अमेरिकेत इंग्रजी, मग फ्रेंच कशाला, हा त्या आईबापांचा सरळ हिशोब. त्या वर्षीच्या फ्रेंच भाषेच्या सनदेने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. आज त्या मुलांची पिढी फ्रेंच बोलते. गोड बोलून हे झालं नसतं, सक्तीनेच झालं.

भाषा टिकवायला बोलणारे लागतात. नवीन येणारे ती बोलणार नसतील, तर दोन पिढ्यांत ती घरापुरती उरते.

रात्रपाळी

परखड, लॅटव्हियाचं दुःख समजतं. पण तिथे आलेल्यांच्या मागे सत्ता होती. मी ज्यांच्यासोबत काम करतो त्यांच्या मागे कुणीच नाही. गोदामात, साफसफाईत, वृद्धाश्रमात रात्रभर राबणारी माणसं. ती भाषा शिकत नाहीत याचं कारण कुणी त्यांना विचारतच नाही.

कामावर बोलायला वेळ नसतो, आणि बोलायचं तरी कुणाशी? पाळीत सगळे परदेशीच. मोडकंतोडकं बोलून यंत्र चालतं, म्हणून मालकालाही भाषेची निकड नाही. संध्याकाळचा मोफत वर्ग भरतो तेव्हा पाळी सुरू होते. सकाळच्या वर्गाला डोळे उघडे राहत नाहीत. शिकायचं म्हटलं की झोप किंवा पगार, दोन्हींपैकी एक सोडावं लागतं.

स्वीडनने १९७३ साली याचं उत्तर कायद्यात दिलं होतं. स्थलांतरित कामगाराला स्वीडिश शिकण्यासाठी २४० तासांची पगारी सवलत, आणि तो पगार मालकाने द्यायचा. म्हणजे ज्याला स्वस्तातले हात हवे होते, त्याच्याच खिशातून भाषेचा खर्च. मला हे सगळ्यात न्यायाचं वाटतं. आजच्या चर्चेत मालक कुठेच नसतो. सरकार आणि परदेशी माणूस एवढेच दोघं बोलतात, फायदा घेणारा तिसरा बाजूला बसलेला असतो.

खडूफळा

बरीच वर्षं प्रौढ स्थलांतरितांना भाषा शिकवते आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

"शिका" म्हणणाऱ्यांना किती तास लागतात याचा अंदाज नसतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. तिथे इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश कामापुरती नीट यायला सहाशे ते साडेसातशे तास वर्गात बसावं लागतं. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२०० तास, म्हणजे ८८ आठवडे. आणि हे निवडून घेतलेले, पदवीधर, पूर्ण पगारावर दिवसभर फक्त भाषाच शिकणारे लोक. ही त्यांची गत, तर भाषाकुळाचाही संबंध नसलेल्या देशात आलेल्या, दिवसभर भांडी घासणाऱ्या माणसाकडून आपण किती महिन्यांत बी१ मागतो?

जर्मनीने २००५पासून एकात्मता वर्ग सुरू केले. आज सर्वसाधारण वर्गात भाषेचे ६०० तास आणि कायदा-इतिहास-समाजाचे १०० तास असतात, ध्येय बी१. सगळे पोहोचत नाहीत, तरी सरकारने तासांचा आकडा मांडला आणि यंत्रणा उभी केली. नेदरलँड्सने २०१३मध्ये नेमकं उलट केलं. शिकणं ही ज्याची त्याची जबाबदारी ठरवली. वर्ग स्वतः शोधा, सरकारकडून दहा हजार युरोपर्यंत कर्ज घ्या, तीन वर्षांत परीक्षा द्या, नाहीतर दंड भरा. नुकत्याच आलेल्या माणसाला, ज्याला ती भाषाच येत नाही, भाषाशाळांच्या बाजारातून चांगली शाळा निवडायला सांगितली. २०१७ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच या कारभारावर बोट ठेवलं आणि २०२२पासून जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे गेली. युरोपीय न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२५ला निकाल दिला की निर्वासितांना परीक्षा सांगता येईल, पण नापास झाला की सरसकट दंड, किंवा वर्ग-परीक्षेचा सगळा खर्च त्याच्याच माथी, हे चालणार नाही.

आणखी एक गट आहे ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या वर्गात अशा बायका येतात ज्या कधीच शाळेत गेल्या नाहीत. त्यांना स्वतःच्या भाषेतही लिहिता-वाचता येत नाही. त्यांना पेन्सिल धरण्यापासून सुरुवात करायची असते, तीही परक्या भाषेत, परक्या लिपीत. सहा पायऱ्यांची ती शिडी अशा माणसांसाठी बनलीच नव्हती. त्यांच्यासाठीची स्वतंत्र मार्गदर्शिका युरोप परिषदेने काढली ती २०२२मध्ये, एकवीस वर्षांनी. या बायका बोलायला भराभर शिकतात. बसमध्ये, मुलांच्या शाळेत, डॉक्टरांकडे धीटपणे बोलतात. आणि लेखी परीक्षेत नापास होतात. त्यांना "भाषा शिकली नाही" म्हणणारा कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि दर वेळी संताप येतो.

नुसताच_वाचक

खडूफळा यांच्या प्रतिसादाला +१.

एक प्रश्न. फोनवर आता बोललेलं लगेच भाषांतरित होतं. दहा वर्षांनी हा वादच उरेल का?

दुभाषी

नुसताच_वाचक, मी रुग्णालयात आणि न्यायालयात दुभाषी म्हणून काम करते. फोनची मदत होते, औषधाची वेळ विचारायला, रस्ता शोधायला. पण ज्याला आत्ताच गंभीर आजाराचं नाव सांगितलं आहे, तो माणूस अर्धवट वाक्यं बोलतो, मध्येच थांबतो, बोलीत बोलतो, भलतंच सांगून मुख्य गोष्ट लपवतो. तिथे समोर माणूस लागतो. आणि भाषांतर चुकलं तर जबाबदार कोण, याचं उत्तर फोन देत नाही.

मला या धाग्यात मुलांबद्दल बोलायचं आहे. दुभाषी मिळाला नाही की सगळ्यात आधी घरातल्या पोराला पुढे करतात, कारण त्याची भाषा शाळेत लवकर पक्की होते. मग शाळकरी मुलगी आईच्या गर्भाशयाच्या गाठीबद्दल डॉक्टरांचं बोलणं आईला सांगते. मुलगा बापाला घरमालकाची नोटीस वाचून दाखवतो. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ते मूलच ठरवतं. आईला धक्का बसू नये म्हणून मुलांनी निदान बदलून सांगितलेलं मी ऐकलं आहे. अमेरिकेत २०१६च्या आरोग्य नियमांनी, तातडीची वेळ सोडून, अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली. अनेक देशांत असा नियमही नाही.

डेन्मार्कने २०१८च्या जुलैपासून ठरवलं की तीन वर्षांहून जास्त राहिलेल्या माणसाने वैद्यकीय दुभाष्याचे पैसे स्वतः भरायचे. हेतू सांगितला तो हाच, लोकांनी डॅनिश शिकावं. असा नियम आला की पैसे नसलेला माणूस काय करतो? पोरालाच घेऊन येतो, नाहीतर येतच नाही. २०२१मध्ये डेन्मार्कने ते शुल्क रद्द केलं.

मला कुणी "भाषा शिकावी का" विचारलं तर मी हो म्हणेन, ठासून. दुभाष्याच्या मध्यस्थीने जगणाऱ्या माणसाची लाज मी रोज बघते. ज्या गोष्टी नवऱ्यालाही सांगितल्या नाहीत, त्या त्रयस्थ बाईच्या तोंडून डॉक्टरांना सांगाव्या लागतात. पण आज ताप चढलेल्या माणसाला "आधी व्याकरण शिकून या" म्हणता येत नाही.

परखड

दुभाषी, मुलांचा मुद्दा पूर्ण मान्य. पण कचेरीत फॉर्म मातृभाषेत, फोनवर मदत मातृभाषेत, परवान्याची परीक्षाही मातृभाषेत मिळत असेल, तर शिकायची गरज कुणाला वाटेल? दवाखाना आणि न्यायालय सोडून द्या. बाकीच्या सोयी काही वर्षांनी थांबायला हव्यात. क्वेबेकने २०२२च्या कायद्यात नवीन आलेल्यांशी सहा महिन्यांनंतर सरकारी व्यवहार मुख्यतः फ्रेंचमध्येच, असं ठरवलं. आरोग्य, सुरक्षितता यांसारखे अपवाद ठेवले. तत्त्व बरोबर आहे.

खडूफळा

तत्त्वाचं राहू द्या, सहा महिने हा आकडाच घ्या. वर बावीसशे तास लिहिले ते याचसाठी. सहा महिन्यांत कोणत्याही प्रौढाला कराच्या नोटिशीची भाषा येत नाही, शिक्षिका म्हणून सांगते.

सोयी आणि शिकणं हे एकमेकांच्या विरोधात आहेत असंही नाही. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांसाठी मोफत इंग्रजीचे वर्ग १९४८पासून चालू आहेत आणि फोनवरची दुभाषी सेवा १९७३पासून. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तिथे वर्गाला ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१मध्ये काढून टाकली. ज्याला जास्त वेळ लागतो त्याने जास्त वेळ शिकावं.

शिकवण्याचा उपयोग होतो का, याचं उत्तर डेन्मार्कमधूनच मिळतं. तिथे १ जानेवारी १९९९पासून निर्वासितांसाठीचं डॅनिशचं शिक्षण वाढवलं. त्या तारखेच्या जरा आधी आणि जरा नंतर परवाना मिळालेल्यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी केली. दोन्हीकडची माणसं सारखीच, फरक फक्त शिकवण्याचा. ज्यांना जास्त शिकवलं त्यांची कमाई पुढे कायमची वाढलेली दिसली, आणि बोलण्या-लिहिण्याची नोकरीही त्यांना जास्त मिळाली. शिक्षकांवर घातलेला पैसा असा परत येतो.

जुनीपाने

इतिहासातली दोन-तीन पानं उलगडतो, कारण भाषेच्या परीक्षेचा उगम सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

१८९७ साली नाताळ वसाहतीने, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भागाने, स्थलांतर रोखायचा कायदा केला. रोखायचं होतं भारतीयांना. त्याच वर्षी जानेवारीत डर्बनला गांधीजी जहाजातून उतरले तेव्हा जमावाने त्यांच्यावर हल्ला केला होता. पण वंशाचं नाव कायद्यात घालणं लंडनला अडचणीचं होतं, सगळे एकाच साम्राज्याचे प्रजाजन. म्हणून युक्ती काढली: प्रवेशासाठीचा अर्ज युरोपीय भाषेत लिहिता आला पाहिजे. भारतीय हा शब्द कुठेही नाही, आणि अडले भारतीयच. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी त्याच वर्षी इतर वसाहतींनाही हाच नमुना सुचवला.

ऑस्ट्रेलियाने १९०१मध्ये तो उचलला आणि धारदार केला. अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा सांगायचा, प्रवाशाने उतरवायचा. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. आशियातल्या माणसाला इंग्रजी येते असं दिसलं तर दुसरी भाषा काढायची. १९०९नंतर त्या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही. १९३४मध्ये एगॉन किश हा नाझीविरोधी पत्रकार आला. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. उच्च न्यायालयाने ते धुडकावलं. परीक्षा मात्र १९५८पर्यंत कायद्यात राहिली.

आता सक्तीच्या दुसऱ्या बाजूकडे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेत जर्मन भाषेविरुद्ध लाट होती. आयोवाच्या राज्यपालांनी मे १९१८मध्ये फर्मान काढलं की सार्वजनिक ठिकाणी आणि टेलिफोनवरही फक्त इंग्रजी. ओहायो आणि इंडियाना राज्यांनी प्राथमिक शाळांतून जर्मन शिकवणं बंद केलं. त्या शाळांत वाढलेल्या जर्मन घरांतल्या मुलांचं पुढे काय झालं याचा अभ्यास अलीकडे झाला. त्यांनी आपसातच जास्त लग्नं केली, मुलांना जर्मन वळणाची नावं जास्त ठेवली आणि दुसऱ्या महायुद्धात स्वतःहून सैन्यात कमी गेली. ज्या मुलांना लवकर अमेरिकी करायचं म्हणून भाषा हिसकावली, ती मुलं लांब गेली. नेब्रास्काने तर परदेशी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाला दंड केला होता, तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३मध्ये तो कायदाच रद्द झाला.

परखड, क्वेबेकमध्ये सक्ती चालली असं तुम्ही लिहिलंत. तिथे नवी भाषा शिकवली, घरची भाषा तोडली नाही. मला फरक तिथे दिसतो.

परखड

जुनीपाने, माहितीबद्दल आभार, किशची गोष्ट माहीत नव्हती. पण १९०१च्या ऑस्ट्रेलियाने परीक्षा कपटाने वापरली म्हणून आजच्या प्रत्येक परीक्षेवर संशय घ्यायचा का? त्या परीक्षेचा अभ्यास करणं शक्यच नव्हतं. आजची भाषा, पातळी, नमुना प्रश्नपत्रिका आधी जाहीर असते. कपट ओळखायची खूण हीच धरा: प्रामाणिकपणे शिकणाऱ्याला पास होता येतं का?

घरची भाषा तोडू नये, याबाबत माझं दुमत नाही. माझ्याच भाषेसाठी मी जे मागतो ते दुसऱ्याच्या भाषेला नाकारणार नाही.

सहप्रवासी

"प्रामाणिकपणे शिकणाऱ्याला पास होता येतं का", याला धरून बोलते.

जर्मनीने २००७पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ची अट घातली. देशात पाऊल टाकण्याआधी, आपल्याच देशात राहून ती भाषा शिकायची. ब्रिटनने २०१०च्या नोव्हेंबरपासून तेच केलं. ए१ म्हणजे काय मोठं, असं शहरात राहणाऱ्याला वाटेल. पण वर्ग फक्त मोठ्या शहरांत, परीक्षा केंद्रं मोजकी. खेड्यातल्या मुलीने शहरात जाऊन राहायचं कुठे, आणि त्याचा खर्च कुणी करायचा? तोपर्यंत नवराबायको वेगळे. परीक्षा एकदा हुकली की मुलाचा जन्मही बापाशिवाय.

आणि जर्मनीत ही अट सगळ्यांना नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांच्या नागरिकांना सूट. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय संघाच्या परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदारालाही सूट. म्हणजे अभियंत्याची बायको एक अक्षर न शिकता विमानात बसते, आणि त्याच विमानाची वाट आचाऱ्याची बायको प्रमाणपत्रासाठी बघत राहते. भाषा खरोखरच एकत्र राहण्यासाठी हवी असेल, तर अभियंत्याच्या बायकोला ती नको का? मी स्वतः सूट मिळालेल्यांपैकी आहे. माझ्याबरोबर आलेल्या अनेकजणी वर्षानुवर्षं भाषेवाचून घरात बसल्या, कुणी विचारलंही नाही.

न्यायालयांनीही हे पाहिलं आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये तुर्की जोडीदारांच्या बाबतीत जर्मनीची अट तुर्कस्तानशी झालेल्या जुन्या कराराशी विसंगत ठरवली. २०१५मध्ये नेदरलँड्सच्या खटल्यात म्हटलं की अशी परीक्षा ठेवता येईल, पण त्यामुळे कुटुंबाचं एकत्र येणं अशक्य किंवा फार अवघड होता कामा नये. माझं म्हणणं साधं आहे: आधी येऊ द्या, मग शिकवा. भाषा जिथे कानावर पडते तिथे ती लवकर येते.

मृगजळ

अजून कुणी आखाताचा उल्लेख केला नाही. संयुक्त अरब अमिरातीत बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत, आणि अरबी शिका असं त्यांना कुणी म्हणत नाही. इंग्रजी-हिंदीवर आयुष्य निघतं. ऐकायला हे उदार वाटतं. पण नागरिकत्वाचा रस्ताही जवळजवळ नाहीच. नोकरी संपली की सामान बांधायचं. मी तिथे लहानाची मोठी झाले, शाळेत अरबीचा तास होता, तरी रस्त्यावर ती बोलायची वेळ आली नाही. ज्याला कायमचा आपला मानायचाच नाही, त्याच्याकडून भाषेची अपेक्षाही करत नाहीत. त्यामुळे "तू आमची भाषा शिक" असं जिथे म्हणतात, तिथे निदान "तू राहा" असं त्यात दडलेलं असतं. मला ते हवं होतं.

आडवाट (धागाकर्ती)

मृगजळ, हा पैलू माझ्या डोक्यातही नव्हता. तुमच्या प्रतिसादाने मूळ प्रश्नाला दुसरं अंग दिलं.

आता यजमानांबद्दल. शिकणारा धडपडत दोन वाक्यं बोलतो आणि समोरचा पटकन इंग्रजीवर येतो, हा अनुभव उत्तर युरोपात राहणाऱ्या प्रत्येकाने घेतला असेल. हेतू चांगला, परिणाम वाईट. आइसलंडच्या वेस्टफ्योर्ड्स भागातल्या लोकांनी यावर मोहीम काढली. आवाहन परदेशी माणसांना नव्हतं, स्थानिकांना होतं: शिकणाऱ्याशी आइसलँडिकमध्येच बोला, हळू बोला, धीर धरा. स्पेनमधल्या कॅटलोनियात तर २००३पासून जोड्या जुळवतात. एक कॅटलान बोलणारा, एक शिकणारा, आठवड्यातून एक तास याप्रमाणे दहा तास नुसत्या गप्पा. परीक्षा नाही, गुण नाहीत. लहान भाषांना हे जास्त चांगलं उमगलेलं दिसतं, कारण प्रत्येक नवा बोलणारा त्यांना मोलाचा असतो. परखड, तुमच्या लॅटव्हियाच्या काळजीचं एक उत्तर इथेही आहे.

जपानचं उदाहरण याला जोडून. इंडोनेशियातून २००८पासून परिचारिका आल्या. आपल्या देशात शिकलेल्या, कामाचा अनुभव असलेल्या. जपानची राष्ट्रीय परीक्षा जपानीत. २००९मध्ये ८२ जणी-जण बसले, एकही पास नाही. पुढच्या वर्षी फिलिपिन्सचे धरून २५४पैकी ३. मग परीक्षेत बदल झाले. अवघड चित्रलिपीवर उच्चार छापले, वेळ वाढवला, आणि निकाल सुधारले. रुग्णाशी बोलता यावं ही अट कायम राहिली, तिच्या आजूबाजूचे अडथळे तेवढे कमी केले.

कोरी_पाटी

भारतातही ही अट आहे हे किती जणांना माहीत आहे? १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार परदेशी माणसाला भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. बावीसपैकी कोणतीही एक. म्हणजे फक्त मराठीच्या बळावरही परदेशी माणूस ही अट पुरी करू शकतो. एकच भाषा "प्रमुख" न मानता अपेक्षा ठेवता येते, याचं हे उदाहरण मला आवडतं.

रात्रपाळी

माझं शेवटचं, आणि ते म्हाताऱ्यांबद्दल.

पश्चिम जर्मनीने १९५५मध्ये इटलीशी आणि १९६१मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. दोन-चार वर्षं राबतील आणि परत जातील असं गृहीत धरलं, म्हणून भाषा शिकवायची तसदी कुणी घेतली नाही. १९७३मध्ये भरती थांबली, तोवर माणसं रुजली होती. खाणीत, भट्टीवर आयुष्य गेलं. नंतर त्याच माणसांना नागरिकत्वासाठी बी१ मागितलं. जून २०२४मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने ३० जून १९७४पर्यंत आलेल्या त्या पिढीला लेखी परीक्षेतून सोडवलं. रोजच्या व्यवहारात अडखळत का होईना बोलता आलं की पुरे. पूर्व जर्मनीत कराराने आलेल्यांनाही तीच सवलत. अमेरिकेत हे आधीपासून आहे: वय पन्नास आणि कायम रहिवासी म्हणून वीस वर्षं, किंवा पंचावन्न आणि पंधरा, असं असलं की इंग्रजीतून सूट, नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत.

ज्यांना शिकवलं नाही, त्यांच्याकडून वसुली करू नये. ही सूट आज साफसफाई करणाऱ्यांनाही पुढे मिळायला हवी, कारण त्यांच्याही वाट्याला वर्ग येत नाहीत.

परखड

त्या पिढीची सूट योग्यच, उशिरा मिळाली एवढंच. पण आज येणाऱ्यांसाठी आधीच सूट लिहून ठेवली, तर सरकार आणि मालक दोघंही पुन्हा वर्ग न देता मोकळे होतील, आणि पन्नास वर्षांनी तीच म्हातारी माणसं तशीच मुकी बसलेली असतील. मी सूट मागणार नाही. मी तुमचे ते स्वीडनचे २४० पगारी तास मागेन, खडूफळा म्हणतात तितके वाढवून, पाळीच्या वेळेत, मालकाच्या खर्चाने. ते मिळाले की मग परीक्षा घ्या. यावर आपण दोघं एकाच बाजूला आहोत असं मला वाटतं.